देवघरात बघा, काकू

संपदाला राग यायला काही लागत नाही, असं तिच्या घरी म्हणतात. राग यावा असंच दिवसभर चाललेलं असतं, हे मात्र कोणी म्हणत नाही.

आता दुपारचंच घ्या. जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, सासरे आपल्या खोलीत आडवे झाले, की संपदा मागच्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसातली ही एवढीच वेळ तिची. त्या वेळात ती नव्यानं निघालेलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकते आणि त्यावर लिहिते. पुण्याहून चालणाऱ्या एका मराठी संकेतस्थळावर दर महिन्याला तिचं सदर येतं, ‘नवं काय वाजतंय’. कोणी नाशिकच्या मुलानं, कोणी जर्मनीतल्या मुलीनं संगणकापुढे बसून केलेले अल्बम. त्यात गाणारं बहुतेक कोणी नसतं. ठेका असतो, पोटात घुमणारा बेस असतो, आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा, बारीक बारीक बदलत गेलेला.

पन्नाशीला टेकलेली, मराठी शाळेत शिकलेली, मंगळवारी अथर्वशीर्षाच्या मंडळात जाणारी बाई हे का ऐकते, असं लोक विचारतात. विचारताना हसतात. तिची मुलगी मनाली कॉलेजात होती तेव्हा हे ऐकायची. पुढे मनालीचा नाद सुटला, ती नोकरीला अहमदाबादला गेली. आईला लागण झाली ती झालीच. संपदाला त्यात वावगं काही वाटत नाही. जप करताना तरी काय, तेच नाव, तेच नाव, आणि मध्येच कुठेतरी मन आपली जागा बदलतं. हे तिनं सदरात कधी लिहिलेलं नाही. लिहिलं तर लोक आणखी हसतील.

तिचे हेडफोन उघड्या पाठीचे आहेत. म्हणजे कानावरच्या वाट्यांना बाहेरून जाळी. आतला आवाज मोकळा वाटतो, पण बाहेरचाही आत झिरपतो. परीक्षण लिहिणाऱ्यानं बंद पाठीचे घ्यावेत हे तिला कळत होतं. पण बंद पाठीचे घातले की दूध उतू जातं, कुरियरवाला परत जातो, आणि शिवाय नाना. नाना म्हणजे सासरे, रमाकांत. रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचा. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात अधू झाला, पाय ओढत चालतात. तेव्हापासून घराकडे एक कान ठेवणं आलंच. जन्मभर त्यांनी केलेली देवपूजाही तेव्हाच संपदाकडे आली. “तू कर. मी लांबून नमस्कार करीन,” म्हणाले, आणि मग लांबून सांगायला लागले की फुलांचे देठ देवाकडे करू नयेत.

तर त्या महिन्यात विहंगचा अल्बम आला. विहंग बडोद्याचाच मुलगा, सयाजीगंजात त्याचा स्टुडिओ. सगळीकडे कौतुक चाललं होतं. संपदाचा नियम असा, की कुठलाही अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा दोष काढायचे, आणि तिसऱ्यांदा आपण काढलेल्या दोषांतले दोष काढायचे.

पहिल्यांदा ऐकलं. सगळं घोटून घोटून गुळगुळीत केलेलं, पण जीव कुठे नाही. चौथ्या ट्रॅकमध्ये मात्र ती एकदम सावध झाली. मागे, फार लांबून, एक घंटा. ठेक्यावर नाही, ठेक्याच्या जराशी मागे. एखादा ठोका चुकलेला, एखादा नुसता घासून गेलेला. तिच्या अंगावर काटा आला. पुन्हा मागे जाऊन ऐकावं म्हणून हात पुढे केला, तोच बाहेरची बेल.

दारात शेजारच्या मोहनाबेन. हातात वाटी.

“संपदाबेन, थोडु मेळवण आपो ने. सूता तो नोता ने?”

झोपले नव्हते, काम करत होते, हे संपदानं आजवर परोपरीनं सांगून पाहिलं होतं. मोहनाबेन दर वेळी “हा, हा, गाणा सांभळता हता”, गाणी ऐकत होतात, म्हणून गोड हसतात. तिनं विरजण दिलं. परत येईपर्यंत काटा गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकलं. घंटा पुन्हा होती. काल ट्रॅकच्या मध्यावर वाटली होती, आज पार शेवटाला. काय किमया आहे, तिला वाटलं. कारटं दिसतं तेवढं कोरडं नाही.

तिसऱ्यांदा ऐकणं झालंच नाही. देवेंद्रची, म्हणजे नवऱ्याची, रिफायनरीतली पाळी आठवड्यापुरती बदलली आणि तो दुपारचा घरी. तो घरी असला की पंखा चालू आहे का बंद हेसुद्धा बायकोला विचारतो. मग तरसालीहून चुलतसासरे पत्रिका घेऊन आले. मग गॅसवाला. लेख द्यायची तारीख उंबऱ्याशी. संपदानं चरफडत, नियम मोडून, दोन ऐकण्यांवर लिहून टाकलं.

लिहिलं मात्र आडपडदा न ठेवता. अल्बम देखणा आहे आणि मेलेला आहे. इस्त्रीच्या कपड्यासारखा आहे, आत माणूस नाही. ‘अपवाद चौथ्या ट्रॅकमधल्या घंटेचा. दमलेल्या पण हट्टानं न थांबणाऱ्या हाताची ही घंटा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी वाजल्यासारखी वाटते, ही रचनाकाराची किमया. अख्ख्या अल्बममध्ये जिवंत एवढीच.’

लेख आला, आणि दुसऱ्या दिवशी विहंगनं त्या ओळींखाली लाल रेघ मारून त्या आपल्या पानावर टाकल्या. वर लिहिलं होतं, “काकू, माझ्या अल्बममध्ये घंटा नाही. कुठेच नाही. तुमच्या देवघरात बघा.”

खाली हसणारी तोंडं, ओळीनं, संपेचनात. कोणी लिहिलं, काकू आरती करता करता परीक्षण करतात. कोणी विचारलं, कुकरच्या शिट्ट्या कितव्या ट्रॅकमध्ये आहेत?

संपदानं फोन पालथा घातला आणि कणकेच्या गोळ्यावर अशी मूठ मारली की परात ओट्यावरून सरकली. काकू म्हटल्याचा राग नव्हता. काकू तर काकू. राग ह्याचा होता की घंटा तिनं ऐकली होती. दोनदा.

संध्याकाळी पुण्याहून नीराचा फोन आला. नीरा संपादक, वयानं मनालीपेक्षा थोडी मोठी, बोलणं लोण्यासारखं.

“ताई, होतं असं कधीकधी. तो परिच्छेद मी काढून टाकते.”

“का काढायचा? मी ऐकलीय घंटा.”

“ताई, त्यानं मूळ फाईल दाखवलीय. नाहीये त्यात.”

“मग कुठून आली?”

“तेच ना,” नीरा म्हणाली. “मी काय म्हणते, तुमच्यावर घरचं खूप आहे. हे सदर आपण अनुजला देऊ या. तो तरुण आहे, त्याला ह्यातलं तांत्रिक कळतं. आणि तुम्ही आमच्यासाठी भक्तिसंगीताचं का नाही बघत? तुमचा हात फार गोड आहे.”

“हात गोड आहे,” संपदा म्हणाली.

“हो ना!”

“नीरा, त्या सदरासाठी मी एकही महिना चुकवलेला नाही. घरात माणूस दवाखान्यात होता तेव्हा बाकड्यावर बसून लिहिलंय. दोन दिवस दे. घंटा कुठून आली ते मी शोधते. नाही सापडली तर दे तुझ्या अनुजला.”

“बरं,” नीरा म्हणाली, पण त्या ‘बरं’मध्ये अनुजनं लिहायला घेतलेलंसुद्धा होतं.

देवेंद्रला घंटेचं न काढता एवढंच सांगितलं की लेखावरून लोक हसताहेत, तर तो ताटावरून मान न उचलता म्हणाला, “जवा दे ने, संपू.” बडोद्याच्या मराठी माणसाला भांडण नको असलं की तो गुजरातीत शिरतो. “चुकून झालं म्हणून लिहून टाक. कोण वाचतंय एवढं?”

“कोणी वाचत नाही म्हणून मी काहीही लिहू?”

“तसं नाही गं. भाजीत मीठ जरा—”

“भाजीचं परीक्षण मी मागितलेलं नाही.”

नाना आपल्या कोपऱ्यात डाव्या हातानं जेवत होते. उजव्या मनगटावर लाल वळ उमटलेला होता. पण त्या दिवशी संपदाचं लक्ष कुठे होतं!

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच घंटेच्या शोधाला बाहेर पडली. सोसायटीच्या देवळात आरतीचं यंत्र आहे. बटण दाबलं की नगारा, झांजा आणि घंटा विजेवर एकदम वाजायला लागतात. पुजाऱ्याला विचारलं.

“बेन, ए तो सांजेज चालू थाय,” पुजारी म्हणाला. तरी तिनं बटण दाबायला लावलं. धडधडधड, एकसारखं. चूक नावाला नाही. विहंगच्या अल्बमसारखंच. हे नव्हे.

कुल्फीवाल्याची घंटी बारकी, किणकिणणारी. ही नव्हे. शाळेची घंटा भोंग्याची. मोहनाबेनना विचारलं, तर त्यांनी कानांना हात लावले.

“बपोरे घंटडी कोण वगाडे, संपदाबेन? ठाकोरजी तो पोढेला होय!”

दुपारी देव निजलेले असतात, तेव्हा घंटा वाजवून त्यांना उठवील कोण? बाईचं खरंच होतं. संपदाच्या घरीही पूजा सकाळी आणि दिवा संध्याकाळी. ती घरी परतली ती जिन्यात पाय आपटत. आपल्याला कान आहेत एवढं एकच तिनं स्वतःबद्दल ठामपणे धरलं होतं. दिसायला बेताची, शिकलेली बेताची, इंग्रजी अडखळत. पण कान आहेत. आता तेही गेले म्हणायचे.

जेवणं झाली. नाना आडवे झाले. संपदा मागच्या खोलीत गेली, दार लावलं, सवयीनं हेडफोन चढवले. अल्बम मात्र लावला नाही. लावायची इच्छाच नव्हती. रिकाम्या हेडफोनमध्ये ती नुसती बसून राहिली, मनात नीराला, विहंगला, न पाहिलेल्या अनुजला वाटेल ते बोलत.

आणि जाळीतून आवाज झिरपायला लागले.

आधी खाट कुरकुरली. मग पाय ओढल्याचा आवाज. थांबला. पुन्हा ओढला. भिंतीवरून हात घासत गेल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. तीन ट्रॅक सहज संपावेत एवढा वेळ. आणि मग घंटा. लांबून, जराशी मागे. एक ठोका चुकलेला. एक नुसता घासून गेलेला.

संपदानं हेडफोन भिरकावले आणि धाडकन दार उघडलं.

देवघरासमोर नाना उभे होते. खांदा भिंतीला टेकलेला. पूजेत घंटा डाव्या हातात आणि निरांजन उजव्या, हे त्या घरात लहान पोरालाही माहीत. नानांनी ते उलटं केलं होतं. निरांजन चांगल्या डाव्या हातात, आणि ते पेटवलेलंही नव्हतं, कोरडी वात घालून नुसतं ओवाळत होते. घंटा त्या अधू उजव्या हातात. बोटं दांडीभोवती वळत नव्हती, म्हणून रुमालानं ती मनगटाशी गुंडाळलेली. घामानं कपाळ डबडबलेलं.

“नाना! तुम्ही?”

नाना दचकले. रुमाल सुटला आणि घंटा फरशीवर घणघणत कपाटाखाली गेली.

“दार का उघडलंस?” ते तिच्याहून मोठ्यानं ओरडले. “ह्या वेळेला तुझं ते चालू असतं ना? तासभर तू बाहेर येत नाहीस!”

“म्हणजे रोज करता तुम्ही हे?”

“करतो! तू दार लावलंस की मी सुटतो. सकाळी बघावं तर तू डोक्यावर उभी. नाना, सांडेल. नाना, मी करते. नाना, बसा. लहान मूल आहे मी? हात वळेपर्यंत कोणी बघू नये एवढं मागतोय, तर आलीस फजिती बघायला!”

“तुमची फजिती?” संपदाचा आवाज फाटला. “तुमच्या घंटेनं माझी फजिती झालीय सगळ्या महाराष्ट्रात! माझं सदर चाललंय हातातून!”

“माझ्या घंटेनं?”

मग सगळं सांगावं लागलं, उभ्याउभ्या, तावातावानं. विहंग, लाल रेघ, नीरा, गोड हात. नाना भिंतीला टेकून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “काय लिहिलंस तू घंटेबद्दल? वाच.”

तिनं फोन आणला आणि रागातच वाचलं. दमलेल्या पण हट्टानं न थांबणाऱ्या हाताची.

नाना कपाटाकडे बघत म्हणाले, “थांबली की आत्ता. काढ ती खालून. मला वाकता येत नाही.”

संपदानं पालथं पडून, हात घालून घंटा काढली. पदराला जळमटं लागली. घंटा पुसून तिनं देवापुढे ठेवली, सवयीनं नमस्कार केला, आणि तेवढ्यात तिला सुचलं. आता नीराला सांगता येईल. घंटा खरी होती, माझे सासरे, अर्धांग झालेले, दार बंद असताना... सगळे गप्प होतील. विहंगसुद्धा.

नानांनी तिचा चेहरा वाचला असावा.

“माझं काही लिहायचं नाही,” ते म्हणाले. “नाव नाही, सासरे नाही, काही नाही. उद्या तरसालीचा भाऊ फोन करून विचारील, रमा, हात कसा आहे? मला नको ते. देवेंद्रलाही सांगायचं नाहीस.”

“नाना, मग मी काय लिहू? माझं सदर जाईल!”

“ते मला माहीत नाही. शपथ घे.”

“देवापुढे शपथा घ्यायच्या नसतात, तुम्हीच सांगता.”

“मग नुसतं कबूल कर.”

तिनं कबूल केलं. दात ओठ खात, पण केलं. आणि तशीच मागच्या खोलीत गेली, दार लावलं आणि विहंगचा अल्बम तिसऱ्यांदा लावला. मधे बेल वाजली, वाजू दिली. फोन वाजला, वाजू दिला. चौथ्या ट्रॅकमध्ये घंटा नव्हती. घंटा नसताना तो ट्रॅक इतका पोकळ वाटला की तिला विहंगची कीवच आली असती, राग मधे नसता तर. दुसऱ्या ट्रॅकचा बेस मात्र चांगला होता, जमिनीखालून येणारा. तो आधी तिच्या कानातून सुटला होता. हे लिहायला हवं, तिनं ठरवलं. रागावलेल्या माणसानं तर आधी लिहायला हवं.

तिनं नीराला खुलासा पाठवला, थोडक्यात.

‘चौथ्या ट्रॅकमध्ये घंटा नाही. ती माझ्या घरात वाजत होती. मी अल्बम तीनदा न ऐकता लिहिलं, ही माझी चूक, आणि तिला निमित्त नाही. घंटा कोणाची हे मी सांगणार नाही. आता तिसऱ्यांदा ऐकलं आहे. दुसऱ्या ट्रॅकमधला बेस उत्तम आहे, तो मी हुकवला होता. बाकी माझं मत आहे तेच आहे, उलट घंटा वजा झाल्यावर आणखी पक्कं झालं आहे. देवघरात बघायला सांगितलंत, बघितलं. तिथे होतं ते तुमच्या अल्बममध्ये नाही.’

खाली नीराला वेगळं लिहिलं, भक्तिसंगीताचं सदर मला नको. मी देवाचं करते ते देवापाशी.

नीराचं उत्तर आलं, “छापते. पुढच्या महिन्यापुरतं तुमच्याकडेच ठेवू, मग बघू.” त्या ‘मग बघू’चा संपदाला आठवडाभर राग येत राहिला. विहंगनं मात्र तिला एकटीला लिहिलं, “काकू, ती घंटा रेकॉर्ड करून पाठवाल का? पुढच्या ट्रॅकला वापरतो. तुमचं नाव देईन.”

तिनं लिहिलं, “नाही.” दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं. एका शब्दात उत्तर दिल्याचं एवढं समाधान तिला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

आता दुपारी असं असतं. जेवणं उरकली की संपदा मागच्या खोलीत जाते, दार लावते आणि हेडफोन गळ्यात अडकवून बसते. कानावर नाही. पुढ्यात पुढच्या महिन्याचे अल्बम, डोक्यावर तारीख, ‘मग बघू’ची टांगती तलवार. बाहेर खाट कुरकुरते. पाय ओढला जातो, थांबतो. नानांना घाई म्हणून माहीत नाही. घंटा सुरू झाली की थांबायचं नाव नाही, आणि हल्ली ठोके थोडे कमी चुकतात, तर हा माणूस मुद्दाम लांबवतो अशी तिला दाट शंका आहे.

त्यात बाहेरची बेल वाजते. मोहनाबेन असणार, वाटी घेऊन. बेलवर बेल. घंटा चालूच.

“नाना, आटपा!” संपदा बंद दाराआडून ओरडते. “मला काम आहे!”

“दार बंद ठेव!” बाहेरून प्लॅटफॉर्मवरचा आवाज येतो.

ती दार बंद ठेवते.